अकराव्या ओवीआधी दहावी ओवी वाचा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पश्चिम आशियात युद्ध पेटले की दोन-चार दिवसांत ‘बायबलमधले भाकीत खरे ठरले’ अशा मथळ्याचा मजकूर फिरू लागतो. यहेज्केल या संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) ग्रंथातल्या ३८ व्या अध्यायातला गोग नावाचा शत्रू आजच्या एखाद्या राष्ट्रप्रमुखाला चिकटवला जातो, दानीएलाच्या ग्रंथातल्या सप्तकांची (सात-सातच्या कालगटांची) बेरीज-वजाबाकी होते आणि शेवट जवळ आल्याचे सांगितले जाते. वृत्तपत्रांतही अशा मजकुराला कुतूहलापोटी जागा मिळते. दुसरीकडे, त्याच संदेष्ट्यांच्या ग्रंथांतून एखादी गोड ओवी उचलून ती उपदेशात प्रत्येकाच्या नोकरीला आणि लग्नाला लावली जाते. या दोन्ही चुका एकाच जागी सुरू होतात. संदेष्टा ज्यांच्याशी बोलत होता त्यांना बाजूला सारून त्याचे बोलणे आपण थेट आपल्या नावावर करून घेतो. विश्वासाने वाचणाऱ्यांसाठी आणि विशेषतः उपदेशाची जबाबदारी असलेल्यांसाठी म्हणून हे सविस्तर पत्र.

इब्रीत (हिब्रूत, जुन्या कराराच्या मुख्य मूळ भाषेत) संदेष्ट्याला ‘नाबी’ म्हणतात. त्याहून जुना शब्द ‘रोए’, म्हणजे पाहणारा, द्रष्टा. हा बदल १ शमुवेल ९:९ (नववा अध्याय, नववी ओवी) मध्येच नोंदलेला आहे. नाबी हा राजाच्या दूतासारखा असतो. दूत दुसऱ्या दरबारात उभा राहिला की ‘अमुक राजा असे म्हणतो’ इथून सुरुवात करी, आणि ‘को आमर अदोनाय’, परमेश्वर असे म्हणतो, हे संदेष्ट्याचे सूत्र त्याच घडणीचे आहे. (मुळात तिथे देवाचे चार अक्षरी नाव असते. यहुदी परंपरेत ते न उच्चारता ‘अदोनाय’ वाचतात.) दूताच्या निरोपात पुढे काय होणार हे असते, पण निरोप कशामुळे आला हे त्याआधी असते: खोटी मापे, विकलेला न्याय, गरिबाचे गहाण ठेवलेले वस्त्र, मूर्तीपुढे वाकलेली मान. आमोसाचे नऊ अध्याय, १४६ ओव्या, मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरतो. वाचताना ‘म्हणून’ हा शब्द जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. इब्रीत तो ‘लाखेन’. त्याच्या आधी आरोप असतो, त्याच्या नंतर शिक्षा. भाकीत म्हणून आपण जे वेगळे काढतो ते बहुतेक वेळा या वाक्याचा उत्तरार्ध असते. पूर्वार्ध टाकून उत्तरार्ध वाचला की संदेष्ट्याचा ज्योतिषी होतो.

आता यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नव्हेत, या आशयाची ही ओवी भेटकार्डांवर आणि भिंतींवर सर्रास दिसते. मुळात ती एका पत्रात आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यहूदाचा, म्हणजे दक्षिणेच्या राज्याचा, तरुण राजा, दरबारी, कारागीर आणि लोहार यांना धरून नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने यरुशलेमेहून हे पत्र पाठवले. पाचव्या ते सातव्या ओवीत त्याने काय लिहिले? घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना! आणि दहाव्या ओवीत मुदत आहे: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. ही सत्तर वर्षे कुठूनही मोजा, पत्र ऐकणारा चाळिशीतला माणूस परत येणार नव्हता. अकराव्या ओवीतली आशा त्याच्या नातवंडांच्या नावे होती, आणि ती धरून त्याने परक्या मुलखात निष्ठेने जगायचे होते.

याच्या आधीचा अध्याय न वाचता या ओवीवर कुणी उपदेश करू नये. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल, आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू मोडून टाकतो. तोही ‘परमेश्वर असे म्हणतो’ असेच म्हणतो. ऐकणाऱ्यांना जे हवे होते तेच तो बोलत होता. हे बोलणे पाचव्या महिन्यातले, आणि सातव्या महिन्यात हनन्या मेला. दहावी ओवी गाळून अकरावी ओवी ‘तुझी अडचण लवकरच सुटेल’ अशा अर्थाने सांगणारा उपदेशक यिर्मयाच्या शब्दांत हनन्याचा निरोप देत असतो. हे कठोर वाटेल, पण आजारी माणसाला दोन वर्षांचे खोटे आश्वासन देऊन नंतर त्याच्या विश्वासावर ठपका ठेवला जातो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतो हे लक्षात घ्यावे.

इथे मराठीचाही एक सापळा आहे. मूळ इब्रीत ‘अलेखेम’ आहे, स्पष्ट अनेकवचन. मराठीत ‘तुमच्याविषयी’ हे आदरार्थीही होते, त्यामुळे एकट्या ऐकणाऱ्याला ते आपल्यालाच उद्देशून वाटते. वाचताना ‘तुम्हां सर्वांविषयी’ असे म्हटले तरी निम्मा गैरसमज मिटतो. मग ख्रिस्ती मंडळीला ही ओवी सांगूच नये का? जरूर सांगावी, पण वाट नव्या करारानेच आखून दिली आहे. पेत्राचे पहिले पत्र विश्वासीयांना पांगलेले परदेशवासी म्हणून हाक मारते आणि शेवटी ‘बाबेल’ येथून सलाम कळवते. तारण पुढे आहे, तोवर परक्या नगरात चांगले करत राहायचे आहे, हे त्या पत्राचे म्हणणे यिर्मयाच्या पत्राशी जुळते. हा पूल भक्कम आहे. भेटकार्डाचा नाही.

उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवणे ही उपदेशाच्या तयारीतली पहिली पायरी, आणि इथेच सर्वांत जास्त घाई होते. अध्यायांचे आकडे १३ व्या शतकातले आहेत. इब्री हस्तलिखितांत परिच्छेद मोकळ्या जागेने दाखवलेले असतात, आणि छापील इब्री प्रतीत त्या जागी ‘पे’ किंवा ‘सामेख’ हे अक्षर दिसते. यशयाचा ५३ वा अध्याय, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत, म्हणून जो आपण वाचतो तो खरे तर ५२:१३ ला ‘पाहा, माझा सेवक’ या शब्दांनी सुरू होतो. त्याच ओवीत सेवक उंचावला जाईल, उन्नत होईल असे म्हटले आहे आणि तिथे जी दोन क्रियापदे आहेत त्यांचेच धातू यशया ६:१ मध्ये देवाच्या सिंहासनासाठी आले आहेत. ५३:१ पासून वाचणाऱ्याच्या हातून गीताची पहिली ओळ निसटते, आणि दुःख सोसणारा तो कोण होता हे कळायचे राहून जाते.

आकड्यांबद्दल आणखी एक व्यावहारिक सूचना. इब्री प्रतीत आणि आपल्या भाषांतरांत ओव्यांचे क्रमांक काही ठिकाणी जुळत नाहीत. योएल २:२८-३२ हे इब्रीत ३:१-५ आहे, मलाखीचा चौथा अध्याय तिथे तिसऱ्यातच संपतो, मीखा ५:२ हे ५:१ आहे, यशया ९:६ हे ९:५ आहे. इब्री कोश किंवा टीकाग्रंथ उघडल्यावर ओवी सापडत नाही म्हणून अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. आधी एक ओवी मागे-पुढे पाहावे.

काळ ठरवण्यासाठी शिरोलेख, म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीची ओळ, वाचावा, मग ‘२ राजे’ हा ग्रंथ त्याच राजाच्या जागी उघडावा. वहीच्या एका पानावर इतके लिहून ठेवले तरी पुरते: आमोस व होशेय आठव्या शतकात उत्तरेच्या राज्यात; यशया व मीखा त्याच शतकाच्या उत्तरार्धात यहूदात; उत्तरेची राजधानी शोमरोनाचा पाडाव ७२२, अश्शूरी राजा सन्हेरीबाची स्वारी ७०१, अश्शूराची राजधानी निनवेचा नाश ६१२; यिर्मया ६२७ पासून यरुशलेमेच्या नाशापर्यंत व त्यानंतरही थोडा काळ, तो नाश ५८७ किंवा ५८६; यहेज्केल ५९३ ते ५७१ बाबेलात; बाबेल पारसाचा राजा कोरेशाच्या हाती ५३९; हाग्गय व जखऱ्या ५२० पासून; मंदिर पूर्ण ५१५. सगळी वर्षे इसवी सनापूर्वीची. होशेयाच्या मुखात रोमन सत्ता घालणारे उपदेश या एका पानाने थांबतात.

मग बोलण्याचा साचा ओळखावा. संदेष्टे बहुधा काव्यात बोलतात, आणि त्यांचे श्रोते ते साचे ओळखत होते. इब्रीतला ‘होय’ हा उद्गार (आपल्याकडे त्याचे ‘हायहाय’ किंवा ‘धिक्कार’ होते) मुळात प्रेतयात्रेतला आहे. आमोस ५:२ मध्ये ‘पडली, पुन्हा उठणार नाही, कुमारी इस्राएल’ ही ओळ तीन आघात आणि दोन आघात अशा लंगडत्या चालीत आहे. ही विलापगीताची चाल. राष्ट्र भरभराटीत असताना, बाजार तेजीत असताना, एक परका मेंढपाळ भर सभेत जिवंत माणसांची मर्तिकगाणी म्हणतो, हे चित्र उभे राहिले की ती ओवी अंगावर येते. मीखाचा सहावा अध्याय न्यायालयातल्या खटल्यासारखा मांडलेला आहे, डोंगर साक्षीदार म्हणून बोलावलेले. आमोसाच्या पहिल्या दोन अध्यायांत दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असा शत्रूंवर एकेक आरोप येतो, श्रोते माना डोलावत असतात, मग यहूदा, आणि शेवटी फास आवळतो तो खुद्द इस्राएलाभोवती. या दोन अध्यायांवर उपदेश करताना आधी इतरांच्या पापांची यादी ऐकवून मग स्वतःकडे वळले, तर उताऱ्याचा घाटच उपदेशाचा घाट होतो. वेगळे मुद्दे पाडावे लागत नाहीत.

शब्दश्लेष भाषांतरात मरतात, म्हणून ते तळटीपेत शोधावे. आमोस ८:२ मध्ये परमेश्वर उन्हाळी फळांची टोपली दाखवतो आणि ‘अंत आला आहे’ म्हणतो. इब्रीत ‘कायित्स’ आणि ‘केत्स’. यिर्मया १:११-१२ मध्ये बदामाची डहाळी ‘शाकेद’ आणि जागरूक असणे ‘शोकेद’. यशया ५:७ मध्ये त्याने ‘मिश्पात’ (न्याय) पाहिला तो ‘मिस्पाह’ (रक्तपात) निघाला, ‘त्सदाका’ (नीती) पाहिली ती ‘त्सआका’ (आक्रोश) निघाली. हे कळले नाही तर टोपलीचा अंताशी संबंध काय, हे ऐकणाऱ्याला कोडेच राहते. कोडे राहिले की उपदेशक फळांचे आध्यात्मिक अर्थ शोधू लागतो, आणि आमोस मागे पडतो.

भाकीत म्हणजे अटळ वेळापत्रक, ही समजूत तर संदेष्ट्यांनीच मोडून काढली आहे. यिर्मया १८:७-१० मध्ये नियम स्पष्ट सांगितला आहे: ज्या राष्ट्राचा नाश मी बोललो ते वळले तर मी ते अनिष्ट आणणार नाही, आणि ज्याचे भले बोललो ते बिघडले तर ते भलेही राहणार नाही. योनाचा निनवेतला उपदेश इब्रीत फक्त पाच शब्दांचा आहे: अजून चाळीस दिवस, मग निनवे उलथेल. त्यात ‘जर’ नाही. तरी नगर वळले आणि उलथले नाही. मीखाने (३:१२) सियोन शेतासारखी नांगरली जाईल असे सांगितले. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयाच्या जिवावर बेतले तेव्हा वडीलधाऱ्यांनी हेच वाक्य मीखाच्या नावानिशी काढले आणि म्हणाले, यहूदाचा राजा हिज्कीया याने परमेश्वराचे भय धरले म्हणून ते टळले (यिर्मया २६:१८-१९). एका संदेष्ट्याचे वाक्य दुसऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात नाव घेऊन दिल्याची ही दुर्मीळ जागा, आणि ते दिले आहे ते न घडलेल्या भाकिताचे उदाहरण म्हणून! आणखी एक प्रामाणिक नोंद यहेज्केल २९:१७-२० मध्ये आहे. २६ व्या अध्यायात नबुखद्नेस्सर सोर नगराची लूट करील असे म्हटले होते. तेरा वर्षांच्या वेढ्यानंतर त्याच्या सैन्याची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरेहून मजुरी मिळाली नाही, म्हणून त्याऐवजी मिसर (इजिप्त) देण्यात आला, असे तोच संदेष्टा लिहितो. या ओव्या लपवून ‘शंभर टक्के अचूक भाकिते’ अशी व्याख्याने देणाऱ्यांनी त्या वाचाव्यात. देव आपल्या शब्दाला बांधील आहे, आणि त्या शब्दात वळण्याची हाकही आहे.

आता ख्रिस्ताकडे. नव्या कराराचे लेखक संदेष्ट्यांना कसे वाचतात हे पाहण्यासाठी दोन्ही उतारे समोरासमोर उघडावे लागतात, आणि बहुतेक वेळा तिसरेही काहीतरी हवे असते: येशूच्या आधीच्या शतकांत यहुद्यांनी केलेले ग्रीक भाषांतर, सेप्टुअजिंट. मत्तय जेव्हा ‘पूर्ण व्हावे म्हणून’ म्हणतो तेव्हा ग्रीक क्रियापद ‘प्लेरोओ’ आहे, भरणे, काठोकाठ करणे. होशेय ११:१ ही भविष्याची ओवीच नाही. ‘मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावले’ हे निर्गमाविषयीचे, म्हणजे इस्राएल मिसरातून बाहेर पडले त्याविषयीचे, मागचे वाक्य आहे आणि तो पुत्र इस्राएल आहे. पुढच्याच ओवीत तो पुत्र मूर्तींमागे गेल्याची तक्रार आहे. मत्तयाला हे ठाऊक नव्हते असे समजू नये. तो येशूला इस्राएलाच्या वाटेवरून चालताना दाखवतो: मिसर, पाणी, अरण्यातले चाळीस दिवस, डोंगर. जिथे पहिला पुत्र चुकला तिथे हा टिकला. ही ओवी ‘भाकितांच्या यादीत’ टाकली तर हे सगळे गमावते आणि वर होशेय वाचणाऱ्यासमोर आपण उघडेही पडतो.

सर्वांत जास्त वाद यशया ७:१४ वर होतो, म्हणून तिथे थोडे थांबतो. सुमारे इ.स.पू. ७३५. अरामाचा राजा रसीन आणि उत्तरेच्या इस्राएलाचा राजा पेकह मिळून यरुशलेमेवर चालून आले आहेत, यहूदाचा राजा आहाज घाबरला आहे आणि अश्शूराची मदत मागण्याच्या विचारात आहे. यशया त्याला नवव्या ओवीत सांगतो: ‘इम लो ताअमीनू, की लो तेआमेनू’, विश्वास धरला नाहीत तर टिकणार नाही. दोन्ही क्रियापदे एकाच धातूची, ज्यातून आपले ‘आमेन’ आले. मग चिन्ह: ‘आल्मा’ गर्भवती होईल, पुत्राला इम्मानुएल नाव ठेवील, आणि सोळाव्या ओवीत मुदत, त्या मुलाला बरेवाईट कळण्याआधी या दोन राजांचा देश ओस पडेल. दिमिष्क ७३२ मध्ये पडले, शोमरोन ७२२ मध्ये. म्हणजे आहाजाच्या काळात त्या चिन्हाला अर्थ होता. सातशे वर्षांनंतरची गोष्ट सांगून त्याची त्या आठवड्यातली भीती जाणार नव्हती.

‘आल्मा’ म्हणजे विवाहयोग्य तरुणी. कौमार्यासाठी इब्रीत ‘बतूला’ हा शब्द अधिक ठरलेला आहे, पण तोही पूर्ण बंदिस्त नाही: योएल १:८ मध्ये पतीसाठी शोक करणारी स्त्री ‘बतूला’ आहे, आणि उत्पत्ती २४ मध्ये रिबकेला दोन्ही शब्द लावलेले आहेत. ग्रीक भाषांतरकारांनी ‘पार्थेनोस’, कुमारी, हा शब्द घातला आणि मत्तयाने तोच उद्धृत केला. व्यासपीठावरून कोशाची लढाई लढण्यात अर्थ नाही. येशूचा कुमारीजन्म मत्तय आणि लूक यांच्या साक्षीवर उभा आहे, आणि लूक तर यशयाची ही ओवी उद्धृत न करताच तो सांगतो. मत्तयाला दिसले ते असे की ‘देव आमच्याबरोबर’ या नावाला आहाजाच्या काळात जेवढा अर्थ होता तो मरीयेच्या पुत्रात काठोकाठ भरला. यशयाच्या ग्रंथातही हे नाव सातव्या अध्यायात संपत नाही. ते ८:८ व ८:१० मध्ये परत येते, मग ९:६ मध्ये बालक जन्मते, ११:१ मध्ये इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटतो. म्हणून एक ओवी घेऊन नाताळचा उपदेश करण्याऐवजी ७ ते ११ हे अध्याय ओळीने चार रविवार सांगावे. चौथ्या रविवारी ‘इम्मानुएल’ म्हणताना मंडळीला आहाजाची भीतीही आठवेल.

कधी नवा करार ग्रीक पाठावरच आधार ठेवतो. आमोस ९:१२ मध्ये इब्रीत ‘अदोमाच्या अवशिष्टांचे वतन मिळवावे’ असे आहे. प्रेषितांची कृत्ये १५:१७ मध्ये याकोब ग्रीकप्रमाणे ‘अवशिष्ट मानवांनी प्रभूला शोधावे’ असे सांगतो. इब्री अक्षरांत अदोम आणि आदाम, तसेच ‘यीरशू’ आणि ‘यिद्रशू’, अगदी जवळचे आहेत. अशा जागी मंडळीसमोर घाबरू नये आणि झाकूही नये. दोन वाक्यांत सांगावे आणि पुढे जावे. यिर्मयाचा ग्रीक पाठ तर इब्रीहून सुमारे एक-अष्टमांशाने लहान आहे आणि राष्ट्रांविरुद्धचे संदेश वेगळ्या जागी आहेत. मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांतून अशा लहान पाठाचे इब्री तुकडेही मिळाले. तिथेच १९४७ मध्ये सापडलेली यशयाची गुंडाळी ७ मीटरहून लांब, ५४ स्तंभांची, मसोरी (यहुदी परंपरेतल्या प्रमाण इब्री पाठाच्या) हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. तिच्यात ५३:११ मध्ये सेवक ‘प्रकाश पाहील’ असे आहे. मसोरी पाठात ‘प्रकाश’ हा शब्द नाही, ग्रीकमध्ये आहे. पुनरुत्थानाच्या उपदेशात ही नोंद मोलाची आहे, पण सगळा उपदेश तिच्यावर टांगू नये.

गोगविषयी थोडक्यात. यहेज्केल ३८:२ मधला ‘रोश’ हा शब्द म्हणजे डोके, मुख्य. काही भाषांतरे त्याला देशाचे नाव मानतात. रशियाशी त्याचा संबंध केवळ आवाजाचा. ते नाव ज्या ‘रूस’ लोकांवरून आले ते लिखित साधनांत इसवी सनाच्या नवव्या शतकापासून दिसतात, यहेज्केलानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी. मेशेख आणि तुबाल म्हणजे मॉस्को आणि तोबोल्स्क नव्हेत. अश्शूरी लेखांतले मुश्की आणि ताबाल ते हेच, आजच्या तुर्कस्तानातले. शिवाय नव्या कराराच्या शेवटच्या ग्रंथात, प्रकटीकरण २०:८ मध्ये, गोग-मागोग हे पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतल्या राष्ट्रांचे नाव झाले आहे, म्हणजे पहिल्या शतकातच ते एका देशाच्या नकाशावरून सुटले होते. तारखा काढणाऱ्यांचा इतिहासही उघड आहे: दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षे करून अमेरिकी उपदेशक विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. तो दिवस उजाडला आणि मावळला, आणि हजारो लोकांचा विश्वास ढासळला. दानीएलाचे दृष्टांत छळ सोसणाऱ्यांना धीर देण्यासाठी आहेत आणि यहुदी शास्त्रात हा ग्रंथ ‘संदेष्टे’ या विभागात नसून ‘लेख’ या विभागात आहे. तो आमोसासारखा वाचला की गफलत होणारच.

हे ग्रंथ आधी इस्राएलाचे आहेत, हे ख्रिस्ती उपदेशकाने कधी विसरू नये. दुःखी सेवक म्हणजे इस्राएल असे ११ व्या शतकातल्या राशी या यहुदी भाष्यकाराने लिहिले, आणि यशया ४१:८, ४४:१, ४९:३ मध्ये सेवकाला इस्राएल म्हटलेलेच आहे. कृत्ये ८ मध्ये रथात बसलेल्या हबशी अधिकाऱ्याने फिलिप्पाला विचारले, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्याविषयी? प्रश्न रास्त होता, आणि फिलिप्पाने त्याला वेड्यात काढले नाही. त्या शास्त्रलेखापासून सुरुवात करून येशूपर्यंत गेला. संदेष्ट्यांनी आपल्याच लोकांना रडत रडत जे बोल लावले ते उचलून आजच्या यहुद्यांवर फेकणे हा तर त्या वचनांचा अपमान आहे. आरोपाच्या ओव्या मंडळीने स्वतःसाठी वाचाव्यात.

इब्री शिकावी का, असे विचारले जाते. बावीस व्यंजने आणि खाली-वर लावलेली स्वरचिन्हे. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत वाचता येते, अर्थ लावायला मात्र वर्ष तरी हवे. सुरुवात योनापासून करावी, चार अध्याय, ४८ ओव्या, बहुतेक गद्य. होशेयाने कधीही सुरुवात करू नये, त्याची इब्री फार अवघड आहे. ज्यांना भाषा शिकणे जमत नाही त्यांनी निदान तीन भाषांतरे शेजारी ठेवावीत, आणि जिथे ती फुटतात तिथेच कोश उघडावा. एक धोका सांगतो: धातूचा मूळ अर्थ शोधून तोच प्रत्येक जागी लावणे. शब्दाचा अर्थ वाक्यातून ठरतो, व्युत्पत्तीतून नाही, इब्रीतही नाही.

ज्यांना हे सगळे एका छोट्या ग्रंथावर करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी हाग्गय उत्तम आहे. दोन अध्याय, ३८ ओव्या, चार संदेश आणि प्रत्येकाला तारीख. पहिला इ.स.पू. ५२० च्या २९ ऑगस्टला येतो, दुसरा १७ ऑक्टोबरला, शेवटचे दोन्ही १८ डिसेंबरला. चार उपदेश सहज होतात. पहिल्यात पीक कमी का आले आणि पिशवीला भोक का पडले हे ‘अनुवाद’ या ग्रंथाचा २८ वा अध्याय शेजारी ठेवून वाचावे, कारण हाग्गयाची भाषा तिथल्या कराराच्या शापांची आहे. दुसऱ्यात २:७ जपून हाताळावी. ‘सर्व राष्ट्रांना इष्ट असलेला येईल’ असे मशीहाविषयीचे वाचन लॅटिन भाषांतरातून रूढ झाले, पण इब्रीत ‘येतील’ हे क्रियापद अनेकवचनी आहे आणि पुढचीच ओवी सोन्या-रुप्याविषयी आहे. म्हणजे येणार आहेत ती राष्ट्रांची मोलाची चीजवस्तू. ख्रिस्ताकडे जायचे तर या ओवीवरून उडी मारू नये, आदल्या ओवीतल्या थरकापावरून जावे, कारण इब्री लोकांस पत्र १२:२६ तिथूनच जाते. आणि चौथ्या संदेशासाठी यिर्मया २२:२४ आधी वाचावे. तिथे परमेश्वराने यहूदाच्या राजाला हातातल्या मुद्रेच्या अंगठीसारखे काढून फेकले होते. हाग्गय २:२३ मध्ये त्याच राजाचा नातू जरूब्बाबेल पुन्हा मुद्रेची अंगठी होतो. तो राजा कधी झाला नाही. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात, येशूच्या वंशावळीत, बाराव्या ओवीत, त्याचे नाव आहे.

आपला नम्र,
जुन्या कराराचा एक अभ्यासक